मुक्तसंचार पक्षिगृहात लोक कशामुळे रमतात आणि कशामुळे काढता पाय घेतात?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. प्राणिसंग्रहालयात येणाऱ्या पाहुण्यांना माहिती सांगण्याचे काम मी सुटीच्या दिवशी स्वेच्छेने करते. त्या निमित्ताने पडलेला एक प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवावासा वाटतो. जाळीबाहेर उभे राहून पाहायचे पिंजरे आणि ज्यांच्या आतून आपण चालत जातो ती मुक्तसंचार पक्षिगृहे, म्हणजे सर्रास ज्यांना वॉक-थ्रू एव्हियरी म्हटले जाते ती, या दोन ठिकाणी एकाच माणसाच्या वागण्यात एवढा फरक का पडतो?

बाहेरच्या पिंजऱ्यापाशी लोक येतात, पाटीवरचे नाव वाचतात, पक्षी समोर दिसला तर मोबाइल काढतात आणि पुढे सरकतात. वाघ किंवा हत्तींकडे जाणाऱ्या वाटेवर पक्ष्यांचे पिंजरे असतील, तर अनेक जण थांबण्याचीही तसदी घेत नाहीत. तीच माणसे पक्षिगृहाच्या प्रवेशाचे दुसरे दार ओलांडून आत आली की कोणी न सांगता आवाज खाली आणतात, मुलांचे हात धरतात, माना वर करून पाहू लागतात आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही बोटाने फांदी दाखवतात. पाटीवर डोळे लावून बसणारे लोक मला तेथे फारच कमी दिसतात.

मात्र हे प्रत्येक पक्षिगृहाच्या बाबतीत खरे नाही, आणि माझी अडचण नेमकी तेथेच आहे. मी काम करते त्या ठिकाणी दोन पक्षिगृहे आहेत. एक नवे, प्रशस्त आणि उंच असून त्यात पक्ष्यांच्या कितीतरी जाती आहेत. दुसरे जुने, लहान आणि दाट झाडीचे असून त्यात मोजक्याच जाती आहेत. नव्या पक्षिगृहात लोक एका दाराने शिरतात, "यात पक्षी आहेत तरी कुठे?" असे विचारतात आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतात, तर जुन्यात मात्र त्यांचे पाय रेंगाळतात. मोठी जागा, अधिक जाती, अधिक खर्च, आणि तरीही आकर्षण कमी, हे कोडे मला उलगडलेले नाही. पक्षी जवळून दिसणे एवढेच या जागांचे आकर्षण आहे का? तसे असेल, तर पक्षी हातावर येऊन बसतात ती दालने सर्वांत चांगली म्हणायची का? ज्यांनी अशा ठिकाणी काम केले आहे किंवा ज्यांचा त्यांच्या आराखड्यांशी संबंध आला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानपिंगळा

मी बरीच वर्षे पक्षी विभागात कीपर, म्हणजे पक्ष्यांची देखभाल करणारा, म्हणून काम केले आहे, त्यामुळे आतल्या बाजूने जे दिसते ते लिहितो.

जवळून दिसणे हे आकर्षणाचे एक कारण आहे, पण माझ्या मते ते मुख्य कारण नाही. काचेआडचा पक्षी तर हाताच्या अंतरावर असतो, तरी तेथे कोणी रेंगाळत नाही. मुक्तसंचार पक्षिगृहात पक्ष्याला आपल्यापासून दूर जाण्याची मुभा असते, आणि तरीही तो जवळ आला तर ते त्याने स्वतः ठरवलेले असते. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता आले नाही तरी जाणवते. व्हिक्टोरिया जातीचे तुरेवाले कबूतर, जे आकाराने जवळपास कोंबडीएवढे असते आणि ज्याच्या डोक्यावर जाळीदार पिसांचा निळसर पंखा असतो, ते झुडपातून निघून पायवाटेच्या मधोमध चालत येते तेव्हा संपूर्ण रांग थबकते. ते मान पुढेमागे करीत एक-एक पाऊल टाकते, लाल डोळ्याने एका बाजूने आपल्याकडे पाहते, वाटेवर पडलेला एखादा दाणा उचलते आणि सावकाश पलीकडच्या झुडपात शिरते. त्याला वाट देण्यासाठी माणसे मागे सरतात. बाहेरच्या पिंजऱ्यात हे कधीच घडू शकत नाही, कारण तेथे माणसाने कोणासाठी मागे सरायचे नसते.

आता आपल्या नव्या पक्षिगृहाबद्दल. ते न पाहता निदान करणे योग्य नाही, परंतु अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा तीन-चार गोष्टी सापडतात, म्हणून त्या सांगतो.

पहिली म्हणजे खाद्य कोठे ठेवले जाते. पक्षिगृह कितीही मोठे असले तरी पक्षी दिवसाचा मोठा भाग खाद्य, पाणी, ऊन आणि सुरक्षित बसण्याची जागा या चार ठिकाणांच्या आसपास घालवतात. कीपरला सोयीचे म्हणून सगळी ताटे मागच्या सेवादाराजवळ, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याच्या दाराजवळ, ठेवली, की पक्षीही तेथेच राहतात आणि पाहुण्यांच्या वाटेवर रिकामी झाडे उरतात. ताटे निरनिराळ्या उंचींवर, वाटेपासून थोड्या अंतरावर आणि परस्परांपासून लांब मांडावी लागतात. लांब अशासाठी, की एखादी दांडगट जोडी सगळी ताटे अडवून बसू नये. शिवाय सकाळी एकदाच भरपूर वाढण्यापेक्षा थोडे-थोडे, वेगवेगळ्या वेळी दिल्यास दिवसभर हालचाल राहते. किडे टिपणाऱ्या पक्ष्यांसाठी आम्ही जिवंत रातकिडे हवेत उडवत असू. वेड्या राघूच्या कुळातले पक्षी फांदीवरून झेपावून किडा हवेतच टिपतात, परत त्याच फांदीवर येतात आणि गिळण्यापूर्वी तो फांदीवर दोन-तीनदा आपटतात. ज्यांना त्या पक्ष्याचे नावही ठाऊक नसते, अशी माणसेसुद्धा पुढचा किडा उडवला जाईपर्यंत जागची हलत नाहीत.

दुसरी गोष्ट हालचालीची. आपला डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो, स्थिर वस्तू टिपत नाही. भर दुपारी बहुतेक पक्षी सावलीत निपचित बसलेले असतात, आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी त्याच वेळी असते. दुपारच्या वेळी झाडांवर पाण्याचे बारीक तुषार थोडा वेळ सोडले, तर चित्र पालटते. अनेक लहान पक्षी पाण्यात उतरून अंघोळ करण्यापेक्षा ओल्या पानांवर अंग घासणे पसंत करतात. ते पानांच्या घोसात शिरतात, पंख अर्धवट पसरून थरथरवतात, पुन्हा बाहेर येऊन पिसे फुलवतात आणि चोचीने एकेक पीस साफ करीत बसतात. हे सारे उघड्यावर, उजेडात आणि निवांतपणे चालते.

तिसरी गोष्ट जातींच्या निवडीची, आणि येथे मी थोडे परखडपणे लिहितो. जातींची यादी लांबवण्याच्या हौसेपायी अनेक पक्षिगृहांचे नुकसान होते. धनेश आणि टुकान हे देखणे पक्षी आहेत, पण ते इतरांची अंडी आणि पिल्ले खातात. ते असले की लहान पक्षी जीव मुठीत धरून राहतात आणि झाडीबाहेर येत नाहीत. मोठे पोपट कोवळी झाडे सोलून काढतात, त्यामुळे आडोसा नाहीसा होतो. तितर आणि रानकोंबड्यांच्या कुळातले काही नर विणीच्या काळात जमिनीवरच्या इतर पक्ष्यांच्या मागे लागतात, कधी कीपरच्या पायावरही धावून येतात. ज्या पक्षिगृहात परस्परांना न छळणाऱ्या मोजक्या जाती असतात, तेथे प्रत्येक पक्षी आपापल्या थरात मोकळेपणाने वावरतो: काही जमिनीवर, काही झुडपांत, काही शेंड्यांवर. आपल्या जुन्या पक्षिगृहाचे रहस्य बहुधा यातच असावे.

आणि शेवटचे, सरावण्याचे. नव्या जागेत आणलेल्या पक्ष्याला माणसांची ठरावीक वाट, ठरावीक वेळ आणि ठरावीक अंतर यांचा भरवसा वाटू लागायला महिने लागू शकतात. जुन्या पक्षिगृहातले पक्षी तेथेच वाढलेले असतील, तर ते वाटेजवळ येणारच. नव्याला तेवढा अवधी दिला पाहिजे.

रेखाटन

रानपिंगळा यांनी पक्ष्यांची बाजू मांडली आहे, मी बांधणीची बाजू मांडतो. अशा जागांच्या आराखड्यांवर काम करताना पहिला धडा हा मिळतो, की आकारमान आणि आकर्षण यांचे नाते सरळ नसते.

भव्यतेचा मोह या प्रकाराच्या जन्मापासूनच आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथे १९०४ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी स्मिथसोनियन संस्थेने एक प्रचंड पिंजरा उभारला. तो २२८ फूट लांब, ८४ फूट रुंद आणि ५० फूट उंच होता आणि लोक त्याच्या आतून चालत जात असत. प्रदर्शनानंतर तो वॉशिंग्टनला हलवण्याचा विचार होता, पण शहराला तो इतका आवडला की नगरपालिकेने ३,५०० डॉलरला तो विकत घेतला, आणि पुढे त्याच्याभोवतीच तेथील प्राणिसंग्रहालय वाढले. एका पिंजऱ्यामुळे शहराला प्राणिसंग्रहालय मिळावे, हे लोकांच्या ओढीचे केवढे मोठे प्रमाण आहे! लंडनमध्ये लॉर्ड स्नोडन, सेड्रिक प्राइस आणि फ्रँक न्यूबी यांनी आखलेले पक्षिगृह १९६५ साली खुले झाले. ताणलेल्या तारा आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा यांवर उभी असलेली ती रचना वास्तुकलेच्या इतिहासात मानाने नोंदली गेली आहे. मात्र पुढे तिचा उपयोग बदलला, आणि २०२२ पासून तेथे कोलोबस माकडे राहतात. सिंगापूरचे मंत्री गोह केंग स्वी यांनी रिओ दि जानेरोच्या प्राणिसंग्रहालयात मुक्तसंचार पक्षिगृह पाहिले आणि त्यातून जुरोंग पक्षी उद्यानाची कल्पना पुढे आली. १९७१ साली खुल्या झालेल्या त्या उद्यानातील दोन हेक्टरांचे धबधब्याचे पक्षिगृह आणि त्यातला ३० मीटर उंचीचा धबधबा अनेक वर्षे जगभर वाखाणला गेला. ते उद्यान २०२३ च्या आरंभी बंद झाले आणि त्याच वर्षी सिंगापूरमधल्याच मंडाई येथे बर्ड पॅराडाइज सुरू झाले, ज्यात आतून चालत जाता येईल अशी आठ मोठी पक्षिगृहे आहेत. दक्षिण आफ्रिकेतले बर्ड्स ऑफ ईडन तर २.३ हेक्टर मूळच्या जंगलावर जाळी घालूनच तयार केलेले आहे.

या मोठ्या जागा यशस्वी झाल्या त्या केवळ मोठ्या होत्या म्हणून नव्हे. मोठ्या जागेत वाट कशी फिरवली आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. दारातून आत पाऊल टाकताच पलीकडचे दार दिसत असेल, तर माणूस त्या दाराकडेच चालू लागतो. वाट वळवली, वळणापलीकडचे झाडीने झाकले आणि वळणावर एखादे बाक ठेवले, की चाल मंदावते. बाक ही किरकोळ बाब वाटते, पण बसलेल्या माणसाजवळ पक्षी लवकर येतात, आणि बसलेल्या माणसाला चालणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक दिसते. निधी अपुरा पडला की आराखड्यातून सर्वांत आधी बाक वगळले जातात, याचे मला मनापासून दुःख होते.

उंचीबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. माणूस चालताना बहुधा समोर आणि किंचित खाली पाहतो. छत पंधरा मीटरवर नेले आणि पक्ष्यांच्या बसण्याच्या जागाही तेथेच राहिल्या, तर खालून पोटाच्या काळ्या आकृत्यांखेरीज काही दिसत नाही. आपल्या नव्या पक्षिगृहात असेच झाले असण्याचा दाट संभव आहे. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे वाटेच्या डोळ्यांच्या उंचीपासून थोड्या वर, उजेड पडेल अशा जागी, आडव्या आणि उघड्या फांद्या मुद्दाम बसवणे. दुसरा म्हणजे झाडांच्या शेंड्यांतून जाणारा उन्नत मार्ग बांधणे. हाँगकाँग पार्कमधल्या १९९२ सालच्या पक्षिगृहात अशीच उंचावरची लाकडी वाट आहे. उन्नत मार्गात एक खाच आहे: पक्ष्यांना माणूस आपल्यापेक्षा खाली असलेला बरा वाटतो, वर असलेला नव्हे. म्हणून त्या मार्गाच्याही वर पुरेशा उंचीवर बसण्याच्या जागा सोडाव्या लागतात, नाहीतर पक्षी दूरच्या कोपऱ्यात गोळा होतात.

जाळी शक्यतो गडद रंगाची हवी. चकचकीत तारेवर ऊन चमकते आणि नजर जाळीवरच अडते, तर काळसर जाळी झाडीच्या आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवर विरून जाते. प्रवेशाच्या दोन दारांमधली खोली अंधुक ठेवण्याचा हेतू मुख्यतः पक्षी बाहेर जाऊ नये हा असतो, कारण उजेडातला पक्षी अंधाराकडे सहसा झेपावत नाही. पण त्याचा पाहुण्यांवरही चांगला परिणाम होतो. बाहेरच्या गजबजाटातून त्या अंधाऱ्या खोलीत आल्यावर डोळे आणि कान क्षणभर थांबतात, मग दुसरे दार उघडते. ज्या ठिकाणी ही खोली नीट केलेली नसते, फक्त साखळ्यांचा पडदा टांगून वेळ निभावलेली असते, तेथे लोक बाहेरच्याच गडबडीत आत शिरतात, असा माझा अनुभव आहे.

शेवरी

मी ना कीपर आहे ना आराखडे करणारी; केवळ पाहणारी आहे. माझ्या वडिलांची दृष्टी आता अगदी क्षीण झाली आहे. त्यांना प्राणिसंग्रहालयात नेण्यात अर्थ नाही असे घरातले म्हणत, परंतु पक्षिगृहात ते कोणाहीपेक्षा अधिक रमतात. ते बाकावर बसतात आणि कानोसा घेत सांगतात: हा डावीकडे वर आहे, तो आता उजवीकडे गेला, हे दोघे भांडत आहेत. पंखांची फडफड कानाशेजारून गेली की ते मान वळवतात. पिंजऱ्याबाहेर उभे राहिल्यावर सगळे आवाज एकाच बाजूने येतात, आत मात्र ते चारही बाजूंनी येतात, आणि त्यामुळे त्यांना जागेचा अदमास घेता येतो.

म्हणून रेखाटन यांना एक विनंती करावीशी वाटते. आराखडा करताना दिसण्याइतकाच ऐकू येण्याचाही विचार व्हावा. कृत्रिम धबधबा वाटेला अगदी लागून असला, तर त्याच्या आवाजात बाकीचे सारे बुडून जाते. आणि काही ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून जंगलाचे ध्वनिमुद्रित आवाज सोडलेले असतात, तो प्रकार तर कृपया बंद व्हावा. खरे पक्षी डोक्यावर गात असताना मुद्रित पक्षी ऐकवण्याचे काही कारण नाही.

निरीक्षक

वरील सर्व प्रतिसाद वाचले आणि पटलेही, परंतु मूळ प्रश्नातला एक भाग अनुत्तरित राहिला आहे. पक्षी हातावर येऊन बसतात ती दालने सर्वांत चांगली म्हणायची का, असे पायवाट यांनी विचारले आहे. माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, आणि पाहुण्यांना काय आवडते याची चर्चा पक्ष्यांच्या हिताला सोडून होऊ नये असे मला वाटते.

हातावर येणारे पक्षी बहुधा लोरी किंवा लोरीकीट असतात. हे पोपटांच्याच कुळातले, पण फुलांतला मध आणि पराग यांवर जगणारे. त्यांच्या जिभेच्या टोकाला कुंचल्यासारखे बारीक केसाळ उंचवटे असतात. पाहुण्याच्या हातातल्या लहान पेल्यातले गोड द्रव ते त्या जिभेने झरझर टिपतात, आणि बोटाला त्या जिभेचा खरखरीत ओला स्पर्श झाला की लहान मुले आनंदाने ओरडतात. तो आनंद मी नाकारत नाही. पण दिवसभर असे पेले पुढे येत राहिले तर पक्ष्याचा आहार बिघडतो, कोणी किती प्यायले याचा हिशेब राहत नाही, आणि पेल्यासाठी पक्ष्यांची आपसांत मारामारी होते. ज्या ठिकाणी पेल्यांची संख्या मर्यादित असते, ठरावीक वेळीच ते दिले जातात आणि पक्ष्यांना पाहुण्यांपासून दूर जाऊन बसण्यासाठी वेगळा भाग असतो, तेथे हा प्रकार निभावून नेता येतो. त्याला आदर्श मात्र म्हणू नये.

दुसरा मुद्दा रोगांचा. पोपट आणि कबुतरे यांच्याकडून माणसाला सिटाकोसिस नावाचा जीवाणूजन्य आजार होऊ शकतो, म्हणून बाहेर पडताना हात धुण्याची सोय हवीच. उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. उघड्या जाळीवर बसणाऱ्या रानपक्ष्यांची विष्ठा आत पडते, आणि पाहुण्यांच्या बुटांना लागूनही संसर्ग येतो. २०२२ साली एच५एन१ बर्ड फ्लूची साथ उत्तर अमेरिकेत पसरली, तेव्हा अनेक प्राणिसंग्रहालयांनी आपली मुक्तसंचार पक्षिगृहे बंद ठेवली आणि पक्ष्यांना छताखाली हलवले. नवे पक्षिगृह बांधताना सर्व पक्ष्यांना काही आठवडे आत ठेवता येईल एवढी निवाऱ्याची जागा आधीच बांधलेली असावी. ती जागा पाहुण्यांना कधीच दिसत नाही, म्हणूनच तिच्यावरचा खर्च आधी कापला जातो.

या जागांच्या बाजूने एक गोष्ट मी तितक्याच आग्रहाने सांगेन. उघड्या तळ्यांवर ठेवलेले रोहित (फ्लेमिंगो) किंवा झोळीवाले (पेलिकन) उडून जाऊ नयेत म्हणून पिल्लूपणीच त्यांच्या एका पंखाचे टोक छाटण्याची पद्धत अनेक ठिकाणी दीर्घकाळ चालत आली. वरून जाळी असलेल्या पक्षिगृहात त्याची गरजच उरत नाही. झोळीवाल्याला पाण्यावरून धाव घेत, पायांनी पाणी मागे ढकलत, शेवटी हवेत उचलले जाताना पाहिले की पंख छाटलेला पक्षी आपण पाहत होतो म्हणजे नेमके काय पाहत होतो, हे ध्यानात येते. पाहुण्यांना आवडणारी गोष्ट आणि पक्ष्याला हवी असलेली गोष्ट येथे एकच आहे, आणि असे योग प्राणिसंग्रहालयात फार थोडे असतात.

मात्र प्रत्येक पक्षी येथे ठेवण्याजोगा नसतो, हेही ओघाने आलेच. गुआम बेटावरचा खंड्या १९८८ पासून जंगलातून नाहीसा झाला होता आणि केवळ प्राणिसंग्रहालयांतल्या प्रजननामुळे टिकून राहिला. २०२४ साली त्यांतले काही पक्षी पॅसिफिक महासागरातल्या पामायरा बेटावर सोडण्यात आले. अशा दुर्मीळ आणि हद्दीसाठी भांडणाऱ्या पक्ष्यांच्या जोड्या गर्दीपासून दूर, पडद्यामागे वाढवाव्या लागतात. पक्षिगृहात रमलेल्या माणसाला या पडद्यामागच्या कामाविषयी सांगितले, तर तो ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो. या जागांचा मला दिसणारा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज मी नव्या पक्षिगृहात बाकीची कामे बाजूला ठेवून फक्त पाहत राहिले. खाद्याची सगळी ताटे खरोखरच सेवादाराजवळ एका रांगेत आहेत, आणि आत शिरताच समोर पलीकडचे दार दिसते. बाक एकही नाही. ताटांची जागा बदलण्याविषयी मी पक्षी विभागाशी बोलले आहे, आणि दारासमोर उंच कुंड्यांत बांबू लावून आडोसा करण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे. निरीक्षक यांनी हातावर बसणाऱ्या पक्ष्यांविषयी जे लिहिले, त्यामुळे आमच्याकडे तसे दालन सुरू करण्याचा जो प्रस्ताव आहे त्याविषयी माझे मत आता निश्चित झाले आहे.

आणखी एक विचारते. नव्या पक्षिगृहाच्या दारापाशी सर्व जातींची चित्रे असलेला मोठा फलक आहे. लोक तो वाचून आत जातात आणि त्यांतले निम्मेही पक्षी दिसले नाहीत म्हणून निराश होतात. फलक काढून टाकावा का? माहिती मग कशी द्यावी?

रानपिंगळा

फलक काढू नका, हलवा. दारावर तो लावला की त्याची हजेरीपत्रकासारखी पडताळणी सुरू होते आणि न दिसलेला प्रत्येक पक्षी उणे धरला जातो. त्याऐवजी चित्रे लहान पाट्यांवर विभागून, ज्या ठिकाणी तो पक्षी खरोखर वावरतो त्या ठिकाणी लावावीत: तळ्याकाठी पाणपक्ष्यांची, दाट झुडपाजवळ जमिनीवरच्या पक्ष्यांची, उघड्या फांदीसमोर शेंड्यांवरच्यांची. पाटीवर रंग आणि आकार यांपेक्षा पक्षी काय करताना दिसेल ते लिहावे. बाली मैना असेल, तर "पांढरा पक्षी, डोळ्याभोवती निळी कातडी" एवढे लिहून थांबू नये. "जोडीदारासमोर तुरा उभारतो आणि मान वरखाली हलवतो, ते पाहा" असे लिहावे. हॅमरकॉप हा आफ्रिकेतला पाणपक्षी असेल तर पक्ष्याआधी त्याच्या घरट्याकडे बोट दाखवावे. काटक्या आणि चिखल यांचे ते घरटे मीटरभराहूनही रुंद असू शकते आणि त्याचे प्रवेशद्वार खालच्या बाजूला असते. पक्षी जागेवर नसला तरी घरटे दिसतेच, आणि ते पाहणारा माणूस बांधकाम करणाऱ्याची वाट पाहत आपण होऊन थांबतो.

दारावर एकच लहान पाटी ठेवावी: सकाळी आणि संध्याकाळी पक्षी अधिक हालचाल करतात, खाद्य अमुक वेळी दिले जाते, आणि आत शक्य तर काही वेळ बसा. अर्थात बसा असे लिहिण्याआधी बाक आणवून घ्यावे लागतील. दोन पुरेत, पण ते सावलीत असावेत आणि नेहमीच्या बसायच्या फांद्यांच्या थेट खाली नसावेत, एवढे पाहा.

रेखाटन

बाकांच्या जागेबाबत एक भर घालतो. पाठीमागे दाट झाडी आणि समोर मोकळी जागा येईल असे ते ठेवा. बसलेल्यांच्या मागून कोणी चालत जात नसेल, तर पक्षी समोरच्या मोकळ्या जागेत लवकर उतरतात. चाकाच्या खुर्चीसाठी बाकाशेजारी तेवढीच सपाट जागा मोकळी सोडा. बांबूच्या कुंड्या लावताना वाटेची रुंदी दोन खुर्च्या समोरासमोरून जातील एवढी राहते ना, ते आधी मोजून घ्या.